परवडणारी हेल्थ पॉलिसी कशी निवडायची : ठाणे-नवी मुंबईवाल्यांसाठी, जरा बैजवार

मागच्या पावसाळ्यात माझा चुलत भाऊ घोडबंदर रोडला गायमुखच्या अलीकडे बाईकवरून घसरला. खड्डा पाण्याने भरलेला, दिसलाच नाही. पाय मोडला, रॉड टाकावा लागला, चार दिवस हॉस्पिटल. पॉलिसी होती त्याची, ३ लाखाची, त्यामुळे आम्ही सगळे निर्धास्त होतो. बिल झालं १ लाख ६७ हजार, म्हणजे कव्हरच्या निम्म्याच्या आसपासच भागतंय असं आपलं गणित. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंगच्या खिडकीवर कळलं की कंपनी ९२ हजार ८०० देणार आणि बाकीचे ७४ हजार २०० आपण भरायचे. वहिनी माझ्याकडे बघतेय, मी खिडकीतल्या मुलीकडे बघतोय, आणि ती बिचारी रोज हेच करत असणार, तिने शांतपणे विचारलं, "कार्ड की यूपीआय?"

भावाने पॉलिसी घेतली तेव्हा एकच गोष्ट बघितली होती, सगळ्यात कमी प्रीमियम. आणि फसवलं म्हणावं तर कोणीच फसवलं नव्हतं, कापलेला एकेक रुपया पॉलिसीच्या कागदात लिहिलेला होता, मी नंतर बसून वाचला. तेव्हापासून माझी व्याख्या बदलली. पॉलिसी परवडते की नाही हे प्रीमियम अधिक डिस्चार्जच्या दिवशी खिशातून जाणारे पैसे, ह्या दोन्हीची बेरीज करून ठरवायचं. ते ७४ हजार कुठून आले ते पुढे आकड्यांनिशी सांगतो, पण आधी पहिल्यापासून सुरुवात करू.

आधीच काय काय आहे ते बघा

पॉलिसी शोधायच्या आधी घरात आत्ता कोणतं कव्हर आहे ते एका कागदावर लिहा. ऑफिसची ग्रुप पॉलिसी असेल तर ती किती लाखाची, त्यात आईवडील आहेत का, आणि रूमची मर्यादा किती, हे एचआरला मेल टाकून विचारा, तोंडी नको. पगार महिना २१ हजारापर्यंत असेल आणि कंपनीला लागू असेल तर ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा असतो, बऱ्याच जणांच्या पगारातून त्याचे पैसे कापले जातात आणि त्यांना पत्ताच नसतो.

महात्मा फुले जन आरोग्य योजना आता पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लागू आहे, कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंत. पण ती ठरलेल्या हॉस्पिटलांत आणि ठरलेल्या उपचारांसाठीच चालते, तिथे आरोग्यमित्राचं टेबल असतं त्याला विचारायचं. घरात कोणी ७० च्या वरचं असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवा, उत्पन्नाची अट नाही त्याला. आईवडिलांचा प्रीमियम झेपत नसेल तर ही दोन कार्डं म्हणजे निदान डोक्यावर छप्पर आहे.

आता ऑफिसची पॉलिसी आहे मग स्वतःची कशाला, हा प्रश्न मला वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात दर दोन महिन्यांनी कोणीतरी विचारतं. कारण नोकरी गेली की त्या दिवशी कव्हर गेलं, आणि नोकरी काय वय आणि शुगर बघून जात नाही. पंचेचाळिशीत नव्याने पॉलिसी काढायला गेलात तर प्रीमियम जास्त, वर बीपीची गोळी चालू असेल तर वेटिंग पिरियड, म्हणजे त्या आजाराचे पैसे मिळायला लागेपर्यंत थांबायची वर्षं, पहिल्यापासून. लहान का होईना स्वतःच्या नावाची एक पॉलिसी तिशीच्या आतबाहेर सुरू करून ठेवली की वेटिंगची वर्षं निरोगी असतानाच निघून जातात. नोकरी सोडताना ग्रुप पॉलिसीतून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येतं, आधीच्या वर्षांचा फायदा धरून, पण कंपनी आपली तब्येत बघून ठरवते, त्यामुळे त्याच एका आशेवर बसू नका.

किती लाखाची घ्यायची

इथे सरसकट उत्तर नाही, पण ठाणे-नवी मुंबईत माझं मत असं की एकट्या माणसाला १० लाख हवेत, आणि ५ च्या खाली जाऊ नये. हा आकडा हवेतून नको असेल तर एक काम करा. घरापासून रात्री अकरा वाजता रिक्षाने पोचता येईल अशी तीन हॉस्पिटलं लिहून काढा. ठाण्यात राहत असाल तर ज्युपिटर, बेथनी, कौशल्या अशी नावं येतील, वाशी-बेलापूरकडे असाल तर फोर्टिस हिरानंदानी, अपोलो, नेरूळचं डी. वाय. पाटील, आणि त्याशिवाय तुमच्या गल्लीतलं तीस खाटांचं नर्सिंग होम, कारण खरं सांगायचं तर डेंग्यूला आपण आधी तिथेच जातो. मग त्यांच्या टीपीए डेस्कला, म्हणजे विम्याचे क्लेम बघणाऱ्या टेबलाला, फोन करून दोनच गोष्टी विचारा : ट्विन शेअरिंग रूमचं दिवसाचं भाडं किती, सिंगलचं किती. दहा मिनिटांचं काम आहे आणि पुढचा अर्धा निर्णय ह्या दोन आकड्यांवर होतो.

१० लाखाचा प्रीमियम जड जात असेल तर मार्ग आहे, बेस पॉलिसी ५ लाखाची आणि वर सुपर टॉपअप. सुपर टॉपअप म्हणजे काय तर वर्षभरातली बिलं मिळून एका ठराविक रकमेच्या वर गेली की ती पॉलिसी सुरू होते. त्या रकमेला डिडक्टिबल म्हणतात. ५ लाख डिडक्टिबल असलेला २० लाखाचा सुपर टॉपअप घेतला तर पहिले ५ लाख बेसमधून आणि पुढचे त्यातून. छोटी दुखणी त्याच्यापर्यंत पोचतच नाहीत म्हणून तो स्वस्त पडतो.

फक्त साधा टॉपअप आणि सुपर टॉपअप ह्यात गल्लत करू नका. साध्यात प्रत्येक वेळच्या ॲडमिशनचं बिल वेगळं धरतात, म्हणजे वर्षात ४-४ लाखाची दोन बिलं झाली तर दोन्ही ५ च्या खाली आणि टॉपअपमधून शून्य. सुपरमध्ये दोन्ही मिळून ८, त्यातले वरचे ३ मिळतात. नावात एक शब्द कमी, बाकी माहितीपत्रक जवळजवळ सारखंच दिसतं. आणखी एक, ऑफिसच्या ३ लाखावर भिस्त ठेवून ३ लाख डिडक्टिबलचा सुपर टॉपअप घेतलात तर नोकरी सुटल्यावर ते पहिले ३ लाख तुमच्या खिशातले, हे लक्षात असू द्या.

गावचा पत्ता

आता भावाच्या बिलाकडे येऊ. बऱ्याच कंपन्या देशाचे झोन पाडतात आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबई हे साधारण सगळ्यात महाग झोनमध्ये असतं. भावाचं आधार खेडच्या पत्त्याचं, आमचं गाव ते. एजंट म्हणाला गावचाच पत्ता ठेवू, वर्षाला हजार-दीड हजार वाचतील. वाचले की! पण त्याच्या पॉलिसीत अट होती की स्वस्त झोनचा प्रीमियम भरून महाग झोनमध्ये उपचार घेतले तर मंजूर रकमेतले २० टक्के पेशंटने भरायचे. माणूस राहतो कळव्यात, कामाला जातो महापे एमआयडीसीत, खेडला जातो गणपतीला आणि शिमग्याला. तो आजारी पडणार तो इथेच पडणार ना.

तर पत्ता जिथे राहता तिथलाच द्या, भाड्याचं घर असलं तरी. सगळ्याच पॉलिसींत झोन नसतात, काहींत एकच दर असतो, पण विचारायचं नक्की. उलट आईवडील गावीच राहत असतील आणि उपचार चिपळूण-कोल्हापूरला घेणार असतील तर त्यांच्यासाठी गावचा झोन हिशोबात बसतो, फक्त मोठ्या ऑपरेशनला त्यांना इकडे आणायचं मनात असेल तर पुन्हा विचार करा.

रूम रेंट, म्हणजे खरी गोम

भावाची पॉलिसी ३ लाखाची आणि त्यात रूमची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ३ हजार. ॲडमिट करताना आम्ही घेतली ५ हजारवाली रूम, कारण ३ हजारात बसणारी खाट रिकामी नव्हती आणि त्याला कळा सहन होत नव्हत्या. मला वाटलं, चार दिवसांचे वरचे ८ हजार आपण भरू, काय एवढं.

पण तसं नसतं. मर्यादेपेक्षा महाग रूम घेतली की त्या रूमशी जोडलेले बाकीचे खर्च, म्हणजे डॉक्टरांची फी, सर्जन, ओटी, नर्सिंग, हे सगळं त्याच प्रमाणात कापतात. ३ हजार भागिले ५ हजार म्हणजे ६० टक्के. आता बिल बघा. रूमचे २० हजार झाले, त्यातले कंपनीने धरले १२ हजार. सर्जन, ओटी वगैरे मिळून ९० हजार, त्याच्या ६० टक्क्यांनी ५४ हजार. औषधं, रॉड आणि तपासण्या ५० हजार, हे पूर्ण धरलं, कारण आयआरडीएआयच्या, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, नियमाप्रमाणे औषधं, इम्प्लांट, तपासण्या ह्यांना ही कात्री लावता येत नाही. ग्लोव्हज, मास्क, फाईलचे पैसे, असलं सटरफटर ७ हजार, त्याला शून्य. एकूण १ लाख १६ हजार. त्यातून मग गावच्या पत्त्याचे २० टक्के, २३ हजार २००, ते गेले की उरले ९२ हजार ८००. बसलं गणित?

म्हणजे रोजच्या दोन हजाराच्या फरकाने खरं नुकसान ८ हजाराचं नाही, ४४ हजाराचं झालं. ज्या हॉस्पिटलांत सगळ्या रूमना सर्जनचे आणि ओटीचे दर एकच असतात तिथे ही कापाकापी करता येत नाही, पण आपल्याकडच्या मोठ्या हॉस्पिटलांत रूमप्रमाणे दर बदलतात हे गृहीत धरूनच चाला.

म्हणून माझी पहिली अट, रूम रेंटला रुपयात किंवा टक्क्यात मर्यादा नसलेली पॉलिसी. काहींमध्ये "सिंगल प्रायव्हेट एसी रूम" असं लिहिलेलं असतं, तेही चालतं, कारण तिथे रूमचा प्रकार ठरलेला असतो, भाडं कितीही असो. "शेअर्ड रूम" लिहिलेल्या पॉलिसी प्रीमियमला बऱ्याच हलक्या पडतात आणि ज्याला दुसऱ्या पेशंटबरोबर राहायला चालतं त्याने त्या जरूर बघाव्यात. फक्त ॲडमिट होताना काउंटरवर तोंड उघडून सांगायचं की आम्हाला शेअरिंगच हवी. नातेवाईक काय म्हणतील म्हणून सिंगल घेतली की मेलात.

बाकीची कात्री

को-पे म्हणजे दर क्लेममध्ये तुमचा ठरलेला वाटा. तरुण माणसाने को-पेवाली घेऊ नये असं माझं म्हणणं, सीनियर सिटिझनच्या पॉलिसीत तो टाळणं कठीण असतं.

सबलिमिट म्हणजे ठराविक आजारांना ठराविक रक्कम, मोतीबिंदूला एवढे, गुडघ्याला एवढे. कव्हर १० लाखाचं असो, मोतीबिंदूला ४० हजार लिहिलं असेल तर ४० हजारच.

ग्लोव्हज वगैरे ज्या वस्तूंचे पैसे मिळत नाहीत त्यांची ६८ गोष्टींची यादी पॉलिसीच्या मागे जोडलेली असते, कन्झ्युमेबल्सचं ॲड-ऑन घेतलं तर ते कव्हर होतात, आणि हे एक ॲड-ऑन मला पैसे वसूल वाटतं. बाकी ॲड-ऑनची जत्रा असते, हॉस्पिटल कॅश, जिमचं डिस्काउंट, कसलेसे पॉइंट, ते सगळं काढून टाकलं की प्रीमियम किती खाली येतो ते बघा.

रिस्टोरेशन, म्हणजे कव्हर संपलं की पुन्हा भरणं, हे जोरात विकलं जातं. एकट्याच्या पॉलिसीत ते क्वचित कामाला येतं, आणि काही ठिकाणी त्याच आजाराला ते चालत नाही. नो क्लेम बोनस मात्र बघा, क्लेम न करता वर्ष गेलं की कव्हर वाढतं, आणि क्लेम केल्यावर किती कमी होतं तेही बघा.

सगळ्यात साधा पर्याय म्हणून आरोग्य संजीवनी सांगतो. २०२० पासून सगळ्या जनरल आणि हेल्थ विमा कंपन्यांना ही विकणं बंधनकारक आहे, नियम सगळीकडे सारखे, फक्त प्रीमियम वेगळा, त्यामुळे तुलना करायला डोकं लागत नाही. पण ५ टक्के को-पे आहे आणि रूमला कव्हरच्या २ टक्के, जास्तीत जास्त ५ हजार, आयसीयूला ५ टक्के, जास्तीत जास्त १० हजार. मघाशी टीपीए डेस्कला विचारलेले आकडे आता बाहेर काढा आणि ह्या ५ हजाराशी ताडून बघा. गल्लीतल्या नर्सिंग होमला ती पुरेल, हायवेवरच्या मोठ्या हॉस्पिटलात कात्री लागेल. ही किंवा काहीच नाही, अशी वेळ असेल तर डोळे मिटून ही घ्या.

वेटिंग पिरियड

पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मुतखडा, मूळव्याध, मोतीबिंदू, सायनस, गर्भाशयातल्या गाठी असल्या यादीतल्या आजारांना साधारण २ वर्षं. आणि आधीपासून असलेल्या आजारांना जास्तीत जास्त ३ वर्षं, पूर्वी ही मर्यादा ४ होती, एप्रिल २०२४ पासून खाली आणली. काही पॉलिसींत ती आणखी कमी असते किंवा जादा पैसे भरून कमी करता येते. शुगर-बीपीवाल्याने रूम रेंटनंतर हेच बघावं, त्याच्यासाठी दोन पॉलिसींमधला खरा फरक इथेच असतो.

फॉर्म भरताना

"शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल." हे वाक्य ऐकलं की त्या एजंटला चहा पाजा आणि निरोप द्या. हॉस्पिटलच्या केस पेपरवर डॉक्टर पहिल्या दिवशीच लिहितात, पेशंटला ६ वर्षांपासून डायबिटीस, आणि ते तुम्हीच त्यांना कळवळून सांगितलेलं असतं. कंपनीला तेवढं पुरतं. सलग ५ वर्षं पॉलिसी चालू राहिली की लपवल्याच्या कारणाने क्लेम नाकारता येत नाही, फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी, पण ती ५ वर्षं कोरडी जातील ह्याची खात्री कोण देणार.

फॉर्म स्वतः भरा किंवा शेजारी बसून भरून घ्या. गोळ्या, जुनी ऑपरेशनं, थायरॉईड, दोन वर्षांपूर्वी कावीळ झाली होती ती, सिगारेट, सगळं लिहा. एजंटच्या मोबाईलवर ओटीपी सांगून मोकळं होऊ नका, त्या ओटीपीने तुम्ही सही करताय. प्रीमियम वाढला तर वाढू दे, किंवा नकार आला तर दुसरी कंपनी बघता येते, आत्ता आपण धडधाकट असताना.

प्रीमियम कमी कसा होईल

२२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक हेल्थ पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी गेला, शून्य झाला. कोणी जुन्या कोटेशनवर १८ टक्के लावून दाखवत असेल तर तिथेच थांबवा.

दोन किंवा तीन वर्षांचा प्रीमियम एकदम भरला तर सूट मिळते आणि तेवढी वर्षं वाढीपासून सुटका. पण पहिल्यांदाच घेताय तर मी एकच वर्षाचा भरीन, कंपनीचा अनुभव नसताना तीन वर्षं कशाला अडकायचं.

टॅक्स वाचतो म्हणून पॉलिसी घ्या असं कोणी सांगितलं तर आपण कोणत्या रिजीममध्ये आहोत ते आधी बघा. ८०डी ची वजावट, स्वतःच्या कुटुंबासाठी २५ हजार आणि सीनियर सिटिझन आईवडिलांसाठी ५० हजार, ही जुन्या रिजीममध्येच मिळते.

आणि आजचा प्रीमियम बघताना त्याच पॉलिसीचा ४५ व्या आणि ६० व्या वर्षाचा आजचा दरही काढून बघा, वेबसाईटवर जन्मसाल बदललं की दिसतो. तिशीत स्वस्त दिसणाऱ्या दोन पॉलिसी साठीत कुठच्या कुठे गेलेल्या असतात. साठीनंतर वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करायची तर कंपनीला आता आयआरडीएआयशी आधी बोलावं लागतं, पण त्याच्या आतल्या वयाला तसं संरक्षण नाही.

कुठून घ्यायची

कंपनीच्या वेबसाईटवरून घ्या, एजंटकडून घ्या, तुलना करणाऱ्या साईटवरून घ्या, कव्हर तेच असतं. साईटवर नंबर टाकला की पुढचा आठवडा फोन थांबत नाहीत, मी घरातलं जुनं सिमकार्ड देतो. चांगला एजंट असेल, नौपाड्यात नाहीतर नेरूळला ऑफिस टाकून वर्षानुवर्षं बसलेला, तर तो क्लेमच्या दिवशी सोन्यासारखा. त्याला एकच प्रश्न विचारा, गेल्या वर्षी किती क्लेमना तुम्ही स्वतः हॉस्पिटलात गेलात. चेहऱ्यावरूनच कळतं.

बँकेत लॉकर उघडताना किंवा लोन घेताना जी पॉलिसी गळ्यात मारतात ती बहुतेक ग्रुप पॉलिसी असते, बँक आणि विमा कंपनी यांच्यातला करार असतो तो. सर्टिफिकेटवर "ग्रुप" हा शब्द शोधा. बँकेने करार मोडला की तुमचं काय, हे तिथला माणूस सांगू शकत नाही, मी विचारून बघितलंय.

पॉलिसी हातात आल्यावर

३० दिवसांचा फ्री लूक असतो. ह्या ३० दिवसांतली एक रविवार सकाळ पोह्यांची बशी आणि पॉलिसी घेऊन बसा. सोबत कस्टमर इन्फर्मेशन शीट येते, दोन-तीन पानांत सगळ्या मर्यादा लिहिलेल्या असतात, ती तर वाचाच. नाव, जन्मतारीख, पत्ता, सांगितलेले आजार बरोबर आहेत का बघा. पटलं नाही तर परत करा, तपासणीचा खर्च, स्टॅम्प ड्युटी आणि गेलेल्या दिवसांचे पैसे कापून बाकीचे परत मिळतात. आणि मग पॉलिसी नंबर, हेल्पलाईन, ती तीन हॉस्पिटलं, एवढं एका कागदावर लिहून घरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, कारण फोन तुमचा आणि फोनचं लॉक तुम्हालाच माहीत, आणि बेशुद्ध तुम्हीच.

ॲडमिट व्हायची वेळ

ठरवून ऑपरेशन असेल तर दोन-तीन दिवस आधी टीपीए डेस्कला कार्ड, आधार आणि डॉक्टरांची चिठ्ठी देऊन प्री-ऑथ, म्हणजे आधीच्या मंजुरीचा अर्ज, टाका. अचानक असेल तर २४ तासांत कंपनीला कळवा. हॉस्पिटल नेटवर्कमध्ये नसेल तरी जानेवारी २०२४ पासून "कॅशलेस एव्हरीव्हेअर" ची सोय आहे, ४८ तास आधी किंवा इमर्जन्सीत ४८ तासांच्या आत कळवायचं, पण हॉस्पिटल तयार असायला लागतं.

कॅशलेसची पहिली मंजुरी कंपनीने १ तासात आणि डिस्चार्जची ३ तासांत द्यायची, असा २०२४ चा नियम आहे, आणि ३ तासांच्या वर गेल्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले तर ते कंपनीने सोसायचे. प्रत्यक्षात सकाळी डिस्चार्ज सांगून संध्याकाळ होते त्यातला बराच वेळ हॉस्पिटलचं फायनल बिलच पुढे गेलेलं नसतं. म्हणून खिडकीवर "मंजुरी आली का" असं विचारू नका, "बिल कंपनीला किती वाजता पाठवलं" ते विचारा.

खिशातून भरून नंतर क्लेम करायचा असेल तर डिस्चार्ज समरी, फोड करून दिलेलं बिल, म्हणजे प्रत्येक खर्च वेगळा दाखवलेलं, औषधांच्या पावत्या चिठ्ठ्यांसकट, रिपोर्ट, इम्प्लांटचं स्टिकर, सगळं मूळ प्रतीत लागतं. देण्याआधी पानोपान फोटो काढा. आधीच्या ३० आणि नंतरच्या ६० दिवसांचा खर्चही बहुतेक पॉलिसींत मिळतो, भावाच्या फिजिओथेरपीचे पैसे असेच वसूल झाले, लोक हे मागायचंच विसरतात.

नाकारलं तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी, मेलने. ३० दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जायचं, कंपनीच्या शेवटच्या उत्तरापासून वर्षभराच्या आत. फी नाही, वकील नाही, ५० लाखापर्यंतचे वाद चालतात. पूर्वी आपल्याला त्यासाठी पुण्याच्या ऑफिसला धाव घ्यावी लागायची, आता ठाण्यात वेगळं ऑफिस झालंय, ठाणे, नवी मुंबई, रायगड, पालघर त्याच्याकडे येतं. मध्ये आयआरडीएआयच्या बीमा भरोसा पोर्टलवरही तक्रार टाकता येते, १५५२५५ वर फोन करूनही.

भावाला ह्यातलं काही करायचं नव्हतं, कारण कापलेलं सगळं नियमातच बसत होतं. त्याला कंपनी बदलायची होती. पोर्ट करताना वेटिंगची भरलेली वर्षं सोबत येतात, जुन्या कव्हरपुरती, वाढवलेल्या रकमेला मात्र वेटिंग नव्याने. रिन्यूअलच्या निदान ४५ दिवस आधी नव्या कंपनीकडे अर्ज टाकायचा आणि तिचं उत्तर येईपर्यंत जुनी सोडायची नाही, हे दोन नियम पाळायचे. त्याने ५२ दिवस आधी टाकला. १० लाख, रूमला मर्यादा नाही, कन्झ्युमेबल्स आत, आणि पत्त्याच्या रकान्यात कळव्याच्या चाळीचा खोली नंबर. पायातल्या रॉडचं फॉर्ममध्ये लिहिलं का, हे वहिनीने दोनदा विचारलं.